अमेरिकेत लुथरन पाळक कसं व्हायचं: मंडळीत नाव नोंदवण्यापासून हस्तार्पणापर्यंत

लुथरन पाळक, म्हणजे मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट चर्चचा पाळक, व्हायचं मनात असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजची, डिग्री हातात आली म्हणून कोणी पाळक होत नाही, आणि "देवाने मला पाचारण केलंय" असं अगदी आतून वाटलं तरी तेवढ्याने होत नाही, कुठल्यातरी एका मंडळीने, म्हणजे एका ठिकाणच्या चर्चच्या सभासदांनी, मतं टाकून "आम्हाला हेच पाळक पाहिजेत" असं सांगितलं की मगच बिशप डोक्यावर हात ठेवतात, त्यालाच हस्तार्पण म्हणतात. हा काही अलीकडे ऑफिसात बसून कोणी काढलेला नियम नाही. 1530 च्या ऑग्सबर्ग कन्फेशनचं, म्हणजे लुथरन लोकांच्या मूळ श्रद्धापत्रकाचं, 14 वं कलमच सांगतं की रीतसर बोलावणं असल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कारही देऊ नयेत. पुढे जे फॉर्म, मुलाखती, निबंध, कमिट्या येणार आहेत ते सगळं ह्या एका कलमातून निघालंय, तुम्हाला जे वाटतंय ते इतरांनाही तुमच्यात दिसतंय का हे तपासायला. हे एकदा समजलं की मधे कोणी थांबवलं, परत पाठवलं, तर अपमान वाटत नाही.

आता अमेरिकेत "लुथरन" म्हणजे एकच चर्च नाही. सगळ्यात मोठं ते इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, सगळे ईएलसीए म्हणतात, तीन जुनी चर्चेस एकत्र येऊन 1 जानेवारी 1988 ला सुरू झालं, मुख्य ऑफिस शिकागोला. दुसरं लुथरन चर्च मिसुरी सिनड, 1847 पासूनचं, शिकवणीत जास्त कडक, तिथे फक्त पुरुषच पाळक होऊ शकतात. तिसरं विस्कॉन्सिन सिनड, त्याहून लहान आणि त्याहून कडक. मी ईएलसीएच्या मंडळीची सभासद आहे आणि आमच्या कॉल कमिटीवर, म्हणजे नवीन पाळक शोधणाऱ्या कमिटीवर, काम केलंय म्हणून मुख्यतः तिथली प्रोसेस सांगते, बाकीच्यांबद्दल शेवटाकडे. मुलींनो, तुमच्यासाठी दार उघडं आहे हे आत्ताच सांगून ठेवते. 1970 मध्ये एलिझाबेथ प्लाट्झ ह्यांना हस्तार्पण झालं, उत्तर अमेरिकेतल्या लुथरन चर्चमधल्या त्या पहिल्या महिला पाळक, आणि आज ईएलसीएत बाई पाळक असणं ही कोणी वळून बघावं अशी गोष्ट राहिलेली नाही.

आधी मंडळीत रुजा

आपल्यापैकी बरेच जण सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, सॅल्व्हेशन आर्मी अशा घरातून आलेले असतात, नगर, सोलापूर, जालना, पुणे इकडचे, आणि पहिली भीती असते ती "परत बाप्तिस्मा घ्यावा लागेल का" ही. नाही लागत. पिता, पुत्र, पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा लुथरन मंडळी मान्य करते, तो लहानपणी झालेला असला तरीही. पाळकांशी बोलायचं, थोडे वर्ग होतात, एका रविवारी सगळ्यांसमोर बाप्तिस्म्याच्या वचनांना परत होकार द्यायचा, झालात सभासद.

अर्ज मंजूर व्हायच्या आधी किमान एक वर्ष तुम्ही ईएलसीएच्या मंडळीचे चालू सभासद असायला पाहिजे. हे वर्ष नुसतं रविवारी मागच्या बाकावर बसून काढू नका. शास्त्रवाचन करा, प्रभुभोजनाच्या वेळी मदतीला उभे राहा, संडे स्कूलचा एखादा वर्ग घ्या, आणि जे म्हातारे लोक घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे पाळकांबरोबर जाऊन बसा. शेवटचं काम मी मुद्दाम सांगतेय, कारण रविवारचा उपदेश सगळ्यांना दिसतो पण पाळकाच्या आठवड्यातला मोठा भाग असल्या भेटींमध्ये, हॉस्पिटलमध्ये आणि मीटिंगांमध्ये जातो, आणि ते आवडत नसेल तर आत्ताच कळलेलं बरं. मार्टिन लुथरचा 1529 चा छोटा कॅटेकिझम, म्हणजे श्रद्धेची प्रश्नोत्तरं, ह्याच वर्षात वाचून काढा, एका बैठकीत होतो. आणि पाळकांना स्पष्ट सांगा की माझ्या मनात असं आहे. आपल्याकडे पाळकसाहेबांशी जरा अंतर राखून बोलायची सवय असते, ती इथे बाजूला ठेवावी लागते, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला ओळखणारा पहिला माणूस तेच असणार.

कँडिडसी: सिनडच्या दारात

ईएलसीए पासष्ट सिनडमध्ये विभागलंय. सिनड म्हणजे एका भागातल्या मंडळ्यांचा गट, त्याचा एक बिशप, उदाहरणार्थ सेंट पॉल एरिया सिनड, मिनियापोलिस एरिया सिनड. प्रत्येक सिनडची कँडिडसी, म्हणजे उमेदवारी तपासणारी, कमिटी असते, त्यात पाळकही असतात आणि साधे सभासदही. ह्या कमिटीसमोर तुम्हाला तीनदा जायचंय: एन्ट्रन्स (प्रवेश), एंडोर्समेंट (पाठिंबा), अप्रूव्हल (मंजुरी). तिन्ही वेळा "हो", "थांबा" किंवा "नाही" असं उत्तर येऊ शकतं.

सुरुवात साधी आहे. तुम्ही अर्ज भरता, तुमची मंडळी, म्हणजे पाळक आणि मंडळीची काउन्सिल, तुमचं नाव सिनडकडे नोंदवते, मग बॅकग्राउंड चेक होतो, तुम्ही स्वतःबद्दल निबंध लिहिता आणि मानसशास्त्रीय तपासणी होते.

ह्या तपासणीला आपले लोक फार घाबरतात. "मला काय वेड लागलंय का" असं घरचे म्हणतात. लांबलचक प्रश्नावल्या असतात, मग सायकॉलॉजिस्टबरोबर काही तास बोलणं, त्यात लहानपण, आईवडिलांशी नातं, राग आला की काय करता, लग्न, दारू, पैसे, सगळं निघतं. कारण उघड आहे. ज्याच्या हातात लोक आपलं दुःख, पाप, मरण आणून ठेवणार आहेत त्याला स्वतःच्या जखमा माहीत पाहिजेत. डिप्रेशनची औषधं घेतली होती किंवा काउन्सेलिंग केलं होतं म्हणून कोणी लगेच बाद होत नाही, उलट मदत मागता येते हे चांगलंच धरतात. लपवलेलं मात्र पुढे अंगावर येतं.

निबंधाबद्दल एक कळकळीची विनंती. त्याचा बायोडेटा करू नका. कुठल्या कॉलेजात पहिला नंबर आला, कुठल्या कंपनीत मॅनेजर होता, हे कमिटीला नकोय. देवाने कृपेने कुठे धरलं, कधी विश्वास डळमळला, कोणी पहिल्यांदा म्हटलं की तू पाळक हो, आणि ते ऐकून पोटात काय झालं, हे लिहा. संडे स्कूलमध्ये आपण साक्ष द्यायला शिकलोय, तोच स्वर ठेवा, फक्त अंधाराचे दिवस गाळू नका. कर्जाबद्दलही विचारतील, क्रेडिट कार्ड, घर, शिक्षण, सगळं, कारण नवीन पाळकाच्या पगारात मोठं कर्ज फेडणं खरंच जड जातं.

सेमिनरी

आधी बॅचलर डिग्री पाहिजे, विषय कुठलाही चालतो, इंजिनियर, नर्स, शिक्षक, सगळे येतात. मग मास्टर ऑफ डिव्हिनिटी, एमडिव्ह. साधारण चार वर्षं धरा, त्यात तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. ईएलसीएच्या सात सेमिनऱ्या आहेत: मिनेसोटातली लुथर सेमिनरी, शिकागोची लुथरन स्कूल ऑफ थिऑलॉजी, आयोवात डब्यूकची वॉर्टबर्ग, पेनसिल्व्हेनियातली युनायटेड लुथरन जी गेटिसबर्ग आणि फिलाडेल्फिया एकत्र होऊन 2017 मध्ये झाली, ओहायोत कोलंबसची ट्रिनिटी, सदर्न, आणि कॅलिफोर्नियातली पॅसिफिक. काही ठिकाणी घरी राहून ऑनलाइन शिकायची चांगली सोय आहे, मधे मधे काही दिवस प्रत्यक्ष जावं लागतं. नोकरी, मुलं, म्हातारे आईवडील असलेल्यांना तेच जमतं. पण शक्य असेल तर काही काळ तरी कॅम्पसवर राहा असं माझं मत आहे, रोज एकत्र उपासना करणं आणि जेवताना वाद घालणं स्क्रीनवर होत नाही.

शिकायला काय असतं? जुना करार आणि नवा करार, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक, मंडळीचा इतिहास, तत्त्वज्ञानाच्या अंगाने धर्मशिक्षण, उपदेश करणं, उपासना चालवणं, पाळकीय काळजी, आणि लुथरन कन्फेशन्स, म्हणजे 1580 च्या बुक ऑफ कॉन्कॉर्डमधले लेख. हा शेवटचा विषय नीट करा. हस्तार्पणाच्या दिवशी तुम्ही जाहीर वचन देणार आहात की पवित्र शास्त्र, मतांगीकार (क्रीड) आणि ही कन्फेशन्स ह्यांना धरून शिकवेन, तेव्हा ती नुसती परीक्षेपुरती वाचलेली असून चालत नाही. दुसऱ्या चर्चच्या सेमिनरीत शिकलात तर लुथरन विषयांचा जादा अभ्यास करावा लागतो, तो किती हे कमिटी आणि ईएलसीएची सेमिनरी मिळून ठरवतात, म्हणून ॲडमिशन घ्यायच्या आधी विचारा.

पैशांचं म्हणाल तर आधी स्कॉलरशिप बघा, मगच कर्जाचा विचार करा. ईएलसीएचा फंड फॉर लीडर्स आहे, लुथर सेमिनरीची ज्युबिली स्कॉलरशिप पूर्ण ट्यूशन देते, बऱ्याच सिनड आणि तुमची स्वतःची मंडळीही मदत करते. मात्र घरभाडं, इन्शुरन्स, किराणा हे तुमच्याच खिशातून जाणार, त्याचं गणित कागदावर मांडून बघा आणि जोडीदाराला घेऊनच मांडा.

हॉस्पिटलमधला उन्हाळा

क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, सगळे सीपीई म्हणतात. एका युनिटचे किमान 400 तास, बहुतेक जण पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात हॉस्पिटलमध्ये करतात, काही जण जेलमध्ये किंवा वृद्धाश्रमात. तुम्ही वॉर्डात चॅप्लेन, म्हणजे हॉस्पिटलचा पाळक, म्हणून फिरता, रात्रीची ड्यूटी असते, पेजर वाजला की जायचं, ॲक्सिडेंट असो, बाळ गेलेलं असो, कोणाचं व्हेंटिलेटर काढायचं असो.

पण ह्यातलं खरं शिक्षण दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये होतं. पेशंटशी झालेलं बोलणं जसंच्या तसं आठवून कागदावर लिहायचं, त्याला व्हर्बेटिम म्हणतात. एका विद्यार्थ्याचा कागद असा असू शकतो: पेशंट म्हणाला, "मला आता घरी जायचंय." मी म्हणालो, "देव सगळं नीट करील." मग पेशंटने तोंड भिंतीकडे फिरवलं. आता हा कागद पाच-सहा जणांसमोर वाचला जातो आणि सुपरवायझर विचारतात, तो घर म्हणाला तेव्हा कुठलं घर म्हणत होता? तू देवाचं नाव त्याच्यासाठी घेतलंस की तुला तिथे बसवेना म्हणून घेतलंस? ह्या प्रश्नाला पटकन उत्तर नसतं. आपल्याकडे आजाऱ्याकडे गेलं की लगेच वचन वाचायचं आणि जोरात प्रार्थना करायची अशी पद्धत आहे, त्यात वाईट काहीच नाही, पण सीपीई शिकवतं की आधी गप्प बसून ऐकायचं आणि मग त्या माणसाच्या मनातली प्रार्थना करायची, आपल्या मनातली नाही. मला विचाराल तर पूर्ण प्रोसेसमधला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

एंडोर्समेंट आणि इंटर्नशिप

अभ्यास साधारण वर्षभर झाला की कमिटीसमोर दुसरी फेरी, निबंध आणि मुलाखत, सेमिनरीचा एक प्राध्यापकही असतो. इथे बघतात की सुरुवातीला जे म्हणाला होतात ते शिकल्यावर टिकलंय का, वाढलंय का. "थांबा" आलं तर कारण लेखी मागा आणि त्याच कारणावर काम करा.

मग इंटर्नशिप, पूर्णवेळ 12 महिने, शक्यतो तुम्हाला कोणी ओळखत नाही अशा मंडळीत. सुपरवायझर पाळक असतात, आणि मंडळीतल्या सभासदांची एक कमिटी तुम्हाला दर महिन्याला भेटून सांगते की उपदेश कुठे लांबला, तरुणांच्या ग्रुपमध्ये काय चांगलं झालं. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला ह्या वर्षात व्हिकार म्हणतात. स्टायपेंड मिळतो, राहायची सोय किंवा भत्ता मिळतो. तुम्ही उपदेश करता, भेटी देता, कन्फर्मेशनच्या मुलांना शिकवता, अंत्यविधीत मदत करता, पण प्रभुभोजनाचा विधी पाळकच करतात, बिशपने खास परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. ज्यांना उच्चारांची काळजी वाटते त्यांना सांगते, तुमचं इंग्लिश सांगली-मिरजेचं वाटलं तरी काही बिघडत नाही, हळू बोला, वाक्यं छोटी ठेवा, आणि पहिल्याच रविवारी माईकसमोर कोणालातरी मागच्या बाकावर बसवून आवाज तपासून घ्या.

अप्रूव्हल, मग वाट बघणं

शेवटच्या वर्षात मोठा निबंध असतो, प्रश्न ईएलसीएकडूनच येतात: तुमची श्रद्धा मांडा, मंडळीचं काम कसं बघता, एक उपदेश जोडा. सेमिनरी आपली शिफारस पाठवते आणि कमिटी शेवटची मुलाखत घेते. इथे "हो" आलं की तुम्ही अप्रूव्ह्ड कँडिडेट झालात, पण पाळक अजून नाही.

ईएलसीएत नऊ रिजन आहेत, म्हणजे सिनडांचे नऊ गट. तुम्ही फॉर्ममध्ये लिहिता की कुठे जाऊ शकता, कुठे नाही आणि का, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, आजारपण. मग ठरावीक वेळी बिशप एकत्र बसून कोणाला कुठल्या रिजनमध्ये आणि पुढे कुठल्या सिनडमध्ये पाठवायचं ते ठरवतात, विद्यार्थी त्याला गमतीने ड्राफ्ट म्हणतात. न्यू जर्सीत आपले लोक आहेत, मंदिराबाहेरचा वडापावसुद्धा मिळतो, म्हणून तिथेच राहायचं असं ठरवून बसलात तर फार थांबावं लागू शकतं, आणि नॉर्थ डकोटातल्या छोट्या गावातल्या दोन मंडळ्या मिळून एक पाळक शोधत असतात. मोकळ्या मनाने जा.

त्या सिनडचा बिशप तुमचं नाव एखाद्या मंडळीच्या कॉल कमिटीला देतो. कमिटीने तुमचा प्रोफाइल वाचलेला असतो, तुम्ही मंडळीचा वाचा, बजेट, हजेरी, मागचे पाळक का गेले. आमच्या कमिटीत आम्ही मुलाखतीला सगळ्यात जास्त वेळ दिला तो एकाच प्रश्नाला, मंडळीत भांडण झालं तेव्हा तुम्ही काय केलंत. आणि ज्यांनी आम्हाला उलट प्रश्न विचारले ते आम्हाला जास्त आवडले, कारण त्यांना नुसती नोकरी नको होती हे लगेच कळत होतं. जमलं तर मंडळीची सभा बोलावतात, कागदी चिठ्ठ्यांवर मतदान होतं, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. पास झालं की लेटर ऑफ कॉल, म्हणजे बोलावण्याचं पत्र, त्यावर बिशपची सही. पगार, घर किंवा हाउसिंग अलाउन्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन, सुट्टी, शिक्षणासाठीचे दिवस, सगळं लेखी असतं. सिनडची किमान पगाराची मार्गदर्शिका असते, ती वाचा आणि लाजू नका, देवाच्या कामात पैशाचं काय बोलायचं असं म्हणून आपल्याकडच्या कितीतरी पाळक कुटुंबांनी आयुष्यभर हाल काढलेत.

आता हस्तार्पण. उपासना बहुतेक वेळा तुमच्या मूळ मंडळीत होते, लाल रंग असतो, बिशप प्रश्न विचारतात आणि तुम्ही "देवाच्या मदतीने, होय" म्हणता, बाकीचे पाळकही पुढे येतात, डोक्यावर हात, प्रार्थना, मग खांद्यावर स्टोल, म्हणजे पाळकाचा लांब पट्टा. तिकडे नवीन मंडळीत वेगळा इन्स्टॉलेशनचा, म्हणजे तिथले पाळक म्हणून नेमण्याचा, विधी होतो. आणि अभ्यास तिथेही संपत नाही, पहिल्या कॉलची पहिली तीन वर्षं सिनडकडून नवीन पाळकांसाठी ठरवलेलं शिक्षण चालू राहतं.

दुसऱ्या वाटा

एमडिव्ह न करता पाळक होण्याची टीईईएम नावाची वाट आहे, पण ती शॉर्टकट म्हणून मागता येत नाही. एखाद्या समाजात, भाषिक गटात किंवा पाळक न मिळणाऱ्या गावात जो आधीच सेवा करतोय त्याच्याबद्दल बिशपला गरज दिसली तरच ती उघडते. अमेरिकेत कुठे मराठी उपासना चालवणारा ग्रुप असेल आणि लुथरन सिनडशी जोडायचं असेल तर बिशपशी ह्याबद्दल नक्की बोला. डीकन म्हणून वचन आणि सेवेचं काम करण्याचा वेगळा मार्गही आहे, 2019 च्या निर्णयापासून डीकननाही हस्तार्पण होतं.

मिसुरी सिनडमध्ये दोन सेमिनऱ्या, सेंट लुइस आणि फोर्ट वेन, चार वर्षं, त्यातलं तिसरं वर्ष व्हिकारेज, म्हणजे इंटर्नशिप. तिथे वसंतात कॉल डे असतो, भर उपासनेत एकेका विद्यार्थ्याचं नाव घेऊन सांगतात की तुमचा पहिला कॉल कुठला.

भारतातून येणार असाल तर शिकायला स्टुडंट व्हिसा लागतो, आणि सीपीई व इंटर्नशिप कामाच्या परवानगीत कशी बसते हे सेमिनरीच्या इंटरनॅशनल ऑफिसला पहिल्याच सेमिस्टरला विचारा. पुढे मंडळीने कॉल दिला तर आर-1 हा धार्मिक कामाचा व्हिसा असतो, त्यासाठी त्याच चर्चचं किमान दोन वर्षांचं सभासदत्व दाखवावं लागतं आणि तो जास्तीत जास्त पाच वर्षं चालतो. इमिग्रेशन वकिलाशिवाय ह्यात पडू नका.

आणि भारतातच राहून लुथरन पाळक व्हायचं असेल तर तोही रस्ता जुना आहे. 1706 मध्ये जर्मन मिशनरी झीगेनबाल्ग तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरले आणि 1733 मध्ये तिथेच आरोन ह्या तमिळ माणसाला हस्तार्पण झालं. आज तमिळ, आंध्र, रांचीचं गॉस्नर, ओडिशातलं जेपोर अशी लुथरन चर्चेस युनायटेड इव्हँजेलिकल लुथरन चर्चेस इन इंडियात एकत्र आहेत. आपल्याला सगळ्यात जवळचं मध्य प्रदेशातलं, छिंदवाड्याचं, नागपूरहून काही तासांवर, आणि तिकडच्या सौंसर-पांढुर्णा भागात मराठी घराघरात बोलतात. शिक्षणासाठी चेन्नईचं गुरुकुल आहे, बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) मिळते. पण तिथेही नियम तोच, आधी तुमच्या चर्चने तुम्हाला निवडून शिफारसपत्र द्यायला पाहिजे. तेव्हा कॉलेजचा फॉर्म मागवण्याआधी आपल्या पाळकांची वेळ घ्या.